कोपऱ्यातल्या ठिपक्यांचा दावा

कोर्टाने पाठवलेली माणसं दिल्लीजवळ मानेसरच्या आमच्या कंपनीत आली तेव्हा मी लाइनवर होते. हातात एक उघडलेला टॅब होता आणि मी त्याच्या खालच्या कोपऱ्यातला उजेड तपासत होते. पुढे असलेला तरुण वकील कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला होता. मागे दावा लावणाऱ्या परदेशी कंपनीचे दोन वकील आणि एक फोटोग्राफर. कुणी आवाज चढवला नाही. तरुण वकिलाने आदेशाची प्रत आमच्या जनरल मॅनेजरच्या हातात दिली, पाणी मागितलं आणि मग विचारलं, "स्क्रीनचं डिझाइन कोण बघतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी टॅबचे नमुने, माझ्या ड्रॉइंगच्या फाइली आणि माझा लॅपटॉप पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि गाठींवर लाखेचं सील मारलं. मी सांगितल्या जागी सह्या केल्या. रिकामा डबा बांधावा तसा त्यांनी लॅपटॉप बांधला, ते मी बघत होते. त्यात माझी सात वर्षं होती.

दावा कशाबद्दल होता ते सांगायला हवं, कारण पुढे कितीतरी महिने मी नातेवाइकांना तेच सांगत होते. आमची कंपनी स्वस्तातले टॅब बनवायची, शाळा आणि क्लासवाले घेतात तसले. स्क्रीनच्या मागे पारदर्शक प्लास्टिकची एक पातळ पाटी असते. कडेला बसवलेल्या दिव्यांचा उजेड ही पाटी सगळीकडे पसरवते. तिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ठिपके असतात. ठिपके दाट असतात तिथे उजेड जास्त बाहेर पडतो. स्वस्त स्क्रीनचे कोपरे काळपट दिसतात ते ठिपके नीट मांडलेले नसतात म्हणून. मी जवळजवळ वर्षभर खपून अशी मांडणी बसवली होती की आमच्या टॅबचे चारही कोपरे मधल्या भागासारखेच उजळायचे. दिवे वाढवले नव्हते, खर्च वाढवला नव्हता. ज्या दिवशी पहिला नमुना नीट पेटला त्या दिवशी मी मेट्रोने घरी येताना आयएनएच्या स्टेशनवर उतरायचं विसरले आणि दोन स्टेशनं पुढे गेले.

ती मांडणी त्यांच्या पेटंटचा भंग करते, असं त्या परदेशी कंपनीचं म्हणणं होतं.

आता जे सांगते ते तेव्हा फक्त मला आणि जनरल मॅनेजरला माहीत होतं. उत्पादन सुरू व्हायच्या महिनाभर आधी मी ते पेटंट वाचलं होतं. शोधायला गेले नव्हते. दुसऱ्याच कशासाठी चाळताना सापडलं. चित्रं बघूनच हात थांबला. माझे ठिपके त्यांच्यासारखे हुबेहूब नव्हते, त्यांचे गोल, माझे लांबट. पण कोपऱ्याकडे जाताना ते कसे दाट करायचे याचा विचार तोच होता, आणि तो माझ्या आधी कितीतरी वर्षं कुणीतरी करून ठेवला होता. मी कुणाचं उचललं नव्हतं. तरी चोरी पकडली गेल्यासारखे कान गरम झाले.

मी जनरल मॅनेजरना मेल लिहिली. हे पेटंट आपल्या मांडणीला लागू पडेल असं वाटतं, उत्पादनाआधी वकिलाला दाखवावं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "बाद में देखेंगे, मॅडम. अभी माल निकालो." मेलला उत्तर आलं नाही. मीही पुन्हा लिहिलं नाही. माल निघाला, चांगला खपला, आणि मी ती गोष्ट मनाच्या अशा खणात टाकली जो आपण घर आवरतानाही उघडत नाही. मधल्या काळात कंपनीने सर्व्हर बदलला, जुन्या मेल गेल्या. एक प्रत माझ्या लॅपटॉपमध्ये राहिली, आणि तो आता लाखेच्या सीलमध्ये होता.

मग तारखा सुरू झाल्या. लॅपटॉप उघडायचा की नाही, उघडला तर कुणासमोर, यावरच वर्षाच्या वर गेलं. शेवटी ठरलं, त्यातली फक्त ड्रॉइंग बाहेर काढायची, मेलना हात लावायचा नाही. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर आमच्या वकीलबाईंचं ऑफिस होतं. माझ्याच वयाच्या, केस तोकडे, बोलणं मोजकं. मानेसरहून अर्धा दिवस काढून मी तिथे जायची, काचेच्या खोलीत बसून ठिपके म्हणजे काय ते नव्या ज्युनिअरला पहिल्यापासून समजावायची. ज्युनिअर बदलत राहिले. ठिपके तेच राहिले.

कॉन्फिडेन्शियलिटी क्लब नावाचाही एक प्रकार होता. दोन्ही बाजूंची गुपितं फक्त ठरलेल्या चार-सहा जणांनी बघायची. माझं नाव त्यात नव्हतं. एका दुपारी माझीच ड्रॉइंग आत टेबलावर पसरलेली होती आणि मी बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसून होते. मधेच ज्युनिअर बाहेर यायचा, एक प्रश्न विचारायचा, उत्तर घेऊन आत जायचा. आधी राग आला. तिसऱ्या फेरीला तोही उरला नाही.

आम्ही लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा केंद्राच्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. फाइल वर्षानुवर्षं फिरते याचं त्याला काहीच वाटायचं नाही, आणि त्याच्या त्या शांतपणाचा मला त्रास व्हायचा. मुलगी आठवीत, दिल्लीतच वाढलेली. मी फोनवर साक्ष, साक्ष म्हणत असताना तिने विचारलं, "मम्मी, साक्ष म्हणजे गवाही ना?" मी हो म्हटलं. "मग तू क्रिमिनल नाहीयेस, फक्त गवाह आहेस. बिल्कुल टेन्शन नको घेऊ." रविवारी विहारात भेटणाऱ्या बायकांनाही मी हेच सांगायची, फक्त साक्ष आहे. ठिपक्यांचं ऐकून त्या मान डोलवायच्या आणि मग कोर्टात कोणती साडी नेसणार ते विचारायच्या.

साक्षीची तारीख लागली तेव्हा मी वकीलबाईंना मेलबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.  मग त्यांनी हिंदीतच सावकाश समजावलं. पेटंट माहीत नसताना भंग झाला तर नुकसानभरपाईच्या बाबतीत कोर्ट एका नजरेने बघतं, माहीत असताना झाला तर दुसऱ्या. कंपनीने लेखी सांगितलं आहे की दाव्याची नोटीस येईपर्यंत हे पेटंट कुणाच्या कानावरही नव्हतं. ते सांगताना मॅनेजरनी तुमच्या मेलचा उल्लेख केला नाही.

मी विचारलं, मग मी काय बोलू?

"काय बोलायचं ते मी साक्षीदाराला सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही तर आपण होऊन सांगायला तुम्ही बांधील नाही. विचारलं तर शपथेवर आहात. मला आता कंपनीशी बोलावं लागेल."

त्यांच्या त्या बोलण्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. जनरल मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मुलीची शाळा, नवऱ्याची बदली सगळं विचारून झालं. मग म्हणाले, इतकी जुनी गोष्ट आहे, रोज शंभर मेल येतात. "आपको भी कहाँ याद होगा." ते धमकी देत नव्हते. त्यांचा चेहरा ओढलेला होता, मुलाचं कॉलेज चालू होतं, रिटायरमेंट जवळ आली होती. एकटेच दोषी आहेत असंही मला वाटेना. मेल एकदा लिहून मी हात झटकले होते. दुसऱ्यांदा लिहिली असती, लाइन थांबवा म्हणाले असते, तर? मी चहा संपवला आणि खाली आले.

बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स वाटण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घरी संविधानाची प्रत कपाटात नसायची, बाहेरच्या टेबलावर असायची, आणि तिच्या शेजारी त्यांची समन्सची पिशवी. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते लगेच खरं बोल म्हणतील. ते म्हणाले, "नोकरी जाईल का?"

मी म्हटलं, कदाचित.

"नवऱ्याची आहे ना पक्की?"

"आहे."

 मग ते म्हणाले, "मी लई साक्षीदार पाह्यले बाई. आठवत नाही म्हणणारा बाहेर येऊन झाडाखाली बसे. त्याले कोणी काही बोलत नसे. पण तो घरी जायले उठत नसे लवकर." एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला. आईने जेवलीस का विचारलं.

साक्ष नोंदवायला कोर्टाने एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. भाड्याची खोली, लांब टेबल, दोन्हीकडे वकील. टंकलेखक एका बाजूला बसून बोललेलं टाइप करायचा आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून समोर एक स्क्रीन ठेवलेला होता. त्याचे कोपरे काळपट होते. मला ते पहिल्या मिनिटाला दिसलं आणि पुढचे तीन दिवस दुसरं काही दिसेना.

समोरचे वकील सौम्य होते. पहिला दिवस माझं शिक्षण आणि कामाचा अनुभव. दुसरा दिवस ठिपके: गोल आणि लांबट यात फरक काय, हा फरक उजेडाला कळतो का. मी म्हटलं, फारसा नाही. आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पण तेच खरं होतं. आमचा सगळा बचाव ज्या फरकावर उभा होता तो उजेडाला कळत नव्हता.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर, सगळे पेंगुळले असताना, त्यांनी कागद उलटता उलटता विचारलं की हे पेटंट तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलं. आवाजावरून मला कळलं, त्यांना काही माहीत नव्हतं. यादीतला एक प्रश्न होता तो. नोटीस आल्यावर, असं उत्तर येणार म्हणून त्यांचं बोट पुढच्या प्रश्नावर गेलंही होतं.

मी खूप विचार केला असं म्हणायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी थकले होते. खोटं बोलायचं म्हटलं तर ते पुढे सांभाळावं लागणार होतं, पुढच्या प्रश्नात, पुढच्या तारखेला, बाबांच्या पुढच्या फोनवर, आणि तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

"उत्पादन सुरू व्हायच्या साधारण महिनाभर आधी," मी म्हटलं. "वाचून मी कंपनीला मेल केली होती."

टंकलेखकाचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि उत्तर पुन्हा सांगायला सांगितलं. मी पुन्हा सांगितलं. ते अक्षरं होऊन त्या काळपट कोपऱ्यांच्या स्क्रीनवर उमटलं, आणि मी वाचून सही केली. बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत चालत आल्या.  लिफ्टचं बटण त्यांनीच दाबलं.

दीड महिन्यात तडजोड झाली. कोणत्या अटींवर, ते मला आजही माहीत नाही. तोही क्लबचाच विषय. एवढं कळलं की तो टॅब बंद झाला, आणि त्याबरोबर आमची लाइन. मला कुणी काढलं नाही. मला रिपोर्ट लिहायच्या टेबलावर बसवलं, जिथे लिहायला रिपोर्ट नव्हते. जनरल मॅनेजर व्हरांड्यात भेटले की आधीसारखंच नमस्ते करायचे. ते माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

लाइनवर बहुतेक मुली होत्या, बिहार-झारखंडच्या, चार-पाच जणी मिळून एका खोलीत राहणाऱ्या. त्यातली एक स्क्रीन बसवण्यात इतकी तरबेज होती की तिच्या हातून धुळीचा कण आत गेलेला मी कधी पाहिला नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे आली. बायकांच्या बसमध्ये चर्चा होती की मॅडमच्या साक्षीमुळे लाइन गेली. तिने तसं म्हटलं नाही. तिने विचारलं, "मॅडम, हमारे काम में कोई कमी थी क्या?"

मी नाही म्हटलं. काम उत्तम होतं. डिझाइन दुसऱ्याचं निघालं. ती म्हणाली, पण डिझाइन तर तुम्ही केलं होतं ना, आम्ही बघायचो की तुम्हाला करताना. यावर मी तिला पेटंट समजावायला लागले, आधी कुणी शोधलं, कागदावर कुणाचं नाव लागलं, आणि अर्ध्यातच थांबले, कारण ती ऐकत होती ती केवळ मी मोठी म्हणून. तिला मी दोन मोटारपार्टच्या कारखान्यांतल्या ओळखीच्या लोकांचे नंबर दिले. एका ठिकाणी तिचं काम झालं. इतर सगळ्यांचं झालं का, ते मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं.

त्या वर्षाच्या शेवटी मी राजीनामा दिला. आता नोएडात एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. इतरांनी बनवलेले स्क्रीन तपासते, स्वतः काही बनवत नाही. काम बरं आहे.

मागच्या हिवाळ्यात जनरल मॅनेजरचा फोन आला. त्या पेटंटची मुदत संपली होती, वीस वर्षं पुरी. आता ती मांडणी कुणीही वापरू शकतं, कंपनी लाइन पुन्हा सुरू करतेय, तेच ठिपके, तुम्ही याल का, त्यांनी विचारलं. साक्षीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांना रिटायरमेंटनंतर सल्लागार म्हणून ठेवलं होतं, आवाज मात्र आधीपेक्षा म्हातारा वाटला.

मी म्हटलं, नको सर, मानेसर आता लांब पडतं.

"हाँ," ते म्हणाले, "वो तो है." मग आम्ही दोघं थोडा वेळ धुक्याबद्दल बोललो, आणि त्यांनी फोन ठेवला.