तळ्याची फेरी

आटपाडीला आमच्या कॉलनीमागं तळं होतं. सकाळी मी उजवीकडून फेरी घालायचो आणि पलटणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ डावीकडून. फेरीत दोनदा गाठ पडायची. दोन्ही वेळा ते अगदी नव्यानं "रामराम" घालायचे.

बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं. सगळे मधूनच जाऊ लागले. हे मात्र काठाकाठानंच चालायचे.

एकदा मी तळ्याच्या मधूनच हाक मारली, "आवं, मधनं या की. पाणी कुठं हाय आता?"

ते थांबले. "पाणी गेलंय. तळं कुठं गेलंय?"

हे शहाणपण म्हणावं की चक्रमपणा, मला कळेना. पुढं निघालो, तेव्हा ध्यानात आलं, मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरला होता.