अंगणातल्या कुरडया

पडेगावला आमच्या घरामागं जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची भट्टी होती. भट्टी बंद पडली, शिसं मात्र आमच्या अंगणातच राहिलं. ती विषारी माती काढायला आलेल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. आधी पाणी शिंपडून, धूळ उडू न देता तो फावडं चालवायचा. चहा कोपरापर्यंत हात धुऊन, फाटकाबाहेर रस्त्यावर प्यायचा. आईला तो घराचा अपमान वाटे. तिसऱ्या दिवशी तिनं कुरडया तळून फाटकाशी नेऊन दिल्या.

"कुठं वाळवल्या, मावशी?"

आईनं त्यानंच खणलेल्या खड्ड्याकडं बोट दाखवलं. "इथंच. दर उन्हाळ्यात."

उचललेली कुरडई त्यानं हळूच ताटलीत ठेवली.

"लेकरं बी खातेत का?"

"त्यांच्यासाठीच तर करते," आई म्हणाली.

त्यानं पुन्हा हात धुतले.