मासा ठीक आहे

माशाचा तुकडा नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, सावकाश श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "ठीक आहे." आमच्या काकांनी कुठल्याही माशाचं याहून जास्त कौतुक केलं नाही. माणसांचं तर नाहीच.

वारज्यातल्या एका लहान रेस्टॉरंटमध्ये ते मुख्य स्वयंपाकी होते, मी त्यांच्या हाताखाली. सगळेच त्यांना काका म्हणायचे. कुणी शेफ म्हटलं की सांगायचे, "शेफ टीव्हीवर असतात. मी आचारी."

त्यांचं रावसाचं सॅलड म्हणजे पोटभर जेवण. लिंबाच्या चकत्या, मिरी आणि तमालपत्र घातलेल्या पाण्यात मासा हलकेच शिजवायचा. उकळी फुटता कामा नये. "खाली गॅस आहे एवढंच पाण्याला कळलं पाहिजे," ते म्हणत. मग मोठ्या बशीत लेट्यूसच्या पानांवर बटाटे, फरसबी, उकडलेली अंडी, काकडी, सगळं आपापल्या जागी. मधोमध रावस, वर मोहरी-लिंबाचं ड्रेसिंग. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे कालवून का देत नाही? काका म्हणाले, "कालवलेलं हवं तर कोपऱ्यावर भेळ चांगली मिळते."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती सांगतात, विचारत नाहीत. म्हणून एका सकाळी काकांनी मासा माझ्यापुढे धरला आणि "ताई, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. मग ते रोज विचारू लागले. मला वाटलं, शिकवताहेत.

पुढे एकदा त्यांच्या शेजारच्या शेगडीवर लोणी करपलं. मी भांडी घासायच्या जागेवरून धावत आले, तर काका दोन हात अंतरावर उभे राहून शांतपणे काकडी कापत होते. मी गॅस बंद केला आणि परत भांड्यांकडे गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मला यायला उशीर झाला. मासा त्यांनी एकट्यानेच घेतला होता. मी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तो वास आला. नाकात टोचणारा.

"काका, हा मासा गेलाय."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. एक बशी बाहेर गेली होती. ते ॲप्रनवरच बाहेर गेले. खिडकीपाशी एक आजी एकट्याच जेवत होत्या. काकांनी त्यांच्या समोरची बशी उचलली.

"आजी, मासा खराब आहे. चूक माझी. किती घास खाल्लेत?"

"दोन. मला वाटलं, अशीच चव असते."

पुढचे दोन दिवस ते त्यांना सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. सुदैवाने आजींना काही झालं नाही. मालकही म्हणाले, "होतं असं, काका." काका म्हणाले, "वास येत नाही मला. चार महिने झाले. तुम्ही दुसरा माणूस बघा."

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. मला वाटत होतं, सर्दी असेल, नाकाचं काही असेल. डॉक्टरांनी नाक पाहिलंच नाही फारसं. त्यांनी काकांना खोलीत चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. मग म्हणाले, "उजवा हात कधीपासून थरथरतो?"

"अंडी नीट लावता येत नाहीत बशीत, तेव्हापासून," काका म्हणाले. कंपवातात वास आधी जातो, हे मला तिथे कळलं.

नंतर एकदा मी कात्रजला त्यांच्या घरी गेले. निघताना मी नको म्हणत असूनही ते बसस्टॉपपर्यंत आले, काकू मागे. बस सुटल्यावर मी खिडकीतून पाहिलं. काका घराकडे वळले होते, पण पाय उचलत नव्हता. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. काकूंनी आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं. ते ओलांडायचं म्हणून काकांनी पाय उचलला. मग काकूंनी पुन्हा पाऊल ठेवलं.

आमची ती शेवटची भेट.