निळा थर

मत्स्यालयातल्या काचा पुसणाऱ्या बाईला सगळे लख्खबाई म्हणत. तिच्या हाताखालून गेलेली वस्तू लख्ख झालीच पाहिजे, मग ती टाकीची काच असो की घरची भिंत. त्या भिंतीवर एकदा नातवाने रंगीत खडूंनी अख्खी आगबोट काढली. लख्खबाईने ती त्याच्यादेखत घासून काढली. पोरगं रडलं, सून त्याला घेऊन निघून गेली आणि त्यांचं येणं कमी होत होत बंदच पडलं. तेव्हापासून घरात ती एकटी.

एकदा समुद्रातून आणलेल्या नव्या दगडाबरोबर टाकीत एक गोगलगाय आली. शंख नाही, अंग जांभळं, कडेला पिवळी किनार. पाठीवर पिसांचा झुबका, त्यानेच ती श्वास घ्यायची. हात जवळ नेला की झुबका चटकन आत. डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही, डोक्यावरच्या दोन शिंगांनी वास घेत चालायचं. आणि कडू तर अशी, की मासा तोंडात धरून थू करून टाकेल. लख्खबाईचा जीवच जडला हो तिच्यावर. डबा खायला ती टाकीपाशी बसायची आणि घरचं सगळं तिला सांगायची. ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

मग गोगलगाय आक्रसू लागली. बोटाएवढी होती, नखाएवढी झाली. टाक्या सांभाळणाऱ्या साहेबांनी दगड उलटून पाहिला आणि विचारलं, यावरचा निळा स्पंज कुठे गेला? स्पंज म्हणजे दगडाला चिकटून वाढणारा जीव, ही बया तेवढा एकच खाते, त्यातलंच विष कातडीत साठवते. तो निळा थर लख्खबाईनेच ब्रशने खरवडला होता, बुरशी समजून.

ओहोटीला ती साहेबांबरोबर खडकांवर गेली. गुडघे बोंब मारत होते, तरी कपारींच्या सावलीत, दगडांच्या पोटाखाली चाचपत राहिली. अखेर निळा स्पंज धरलेला दगड सापडला. हवा लागू नये म्हणून पाण्यातल्या पाण्यातच बादलीत घेतला. दुसऱ्या दिवशी गोगलगाय त्यावर चढली आणि खात बसली. लख्खबाई तिथेच ढसाढसा रडली.

घरी जाताना तिने रंगीत खडूंची पेटी घेतली आणि मुलाला फोन लावला. "नातवाला घेऊन ये रे. भिंतीवर हवं ते काढू दे त्याला, मी फडक्याला हात लावणार नाही."

मुलगा म्हणाला, "आई, त्याला मिसरूड फुटलीय. तो कशाला भिंती रंगवतोय आता?"

खरंच की, म्हणाली ती, आणि फोन ठेवला. सवयीने फडकं घेऊन भिंतीपाशी गेली. पुसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.