पबपासून नववं घर

सॅलोबी गावात कुणाचा पणजोबा कुठल्या घरात जन्मला, हे खुद्द त्या पणजोबापेक्षा मॅव्हिस ड्रिंगला जास्त ठाऊक असायचं. वय शहात्तर. लग्न केलं नाही, एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले. नोकरी संपल्यावर इतर बायकांनी विणकाम घेतलं, हिने मेलेली माणसं घेतली. चर्चमधली बाप्तिस्म्याची आणि दफनाची पुस्तकं, दर दहा वर्षांची खानेसुमारी, सगळं तिने जिल्ह्याच्या दप्तरखान्यात बसून हाताने उतरवून आणलं आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यांत एकेका घराचं कार्ड लावून ठेवलं. ऑस्ट्रेलिया-कॅनडातून लोक यायचे, तिच्यामागून गावभर हिंडायचे, एखाद्या दारापाशी डोळे पुसायचे आणि परत जायचे. या कामाचे ती पैसे घेत नसे. मान मात्र पुरेपूर घेई, आणि कुणी चूक काढलीच तर त्याची धडगत नसे.

'आमच्या घराण्याचं जुनं घर' असं कुणी म्हटलं की तिला हसू यायचं. मजुराला घराणं कसलं आलंय? घर शेतमालकाचं, काम आहे तोवर छप्पर. मे महिना आला की निम्मं गाव गाड्यांवर खाटा-मडकी लादून या घरातून त्या घरात. आमचं तेवढं वेगळं, असं ती पुढे न चुकता जोडायची. ड्रिंग मंडळी चार पिढ्या एकाच घरात होती, आणि तिच्या बापाने तर ते मालकाकडून विकतच घेतलं होतं.

या धंद्यात एक मोठी अडचण असते. जुन्या काळी घरांना नंबर नव्हते. खानेसुमारीवाला दारोदार फिरून माणसांची नावं ओळीने लिहीत जाई, पण घर कुठलं ते लिहीत नसे. तेव्हा न हललेलं एखादं ठिकाण धरायचं आणि तिथून कुटुंबं मोजत जायची. सॅलोबीत ते ठिकाण म्हणजे पब. पबपासून रस्ता तळ्याला वळसा घालून परत पबपाशीच येतो. खानेसुमारीवाला आधी डावीकडून गेला, मग उजवीकडून परत आला, असं मॅव्हिस धरून चालायची, कारण १८६१च्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने आपली वाट तशी लिहूनच ठेवली होती. १८७१च्या वहीचं पहिलं पान दप्तरखान्यातल्या जुन्या फोटोफिल्मवर काळंकुट्ट आलेलं. ते वाचता येत नव्हतं, म्हणून तिने तीच वाट पुढे चालवली. बिऱ्हाडं दर वर्षी हलणारी, त्यामुळे चूक झाली तरी ध्यानात यायला मार्ग नव्हता.

चार वर्षांपूर्वी टास्मानियाहून रॉय लेगेट आला. एक्याऐंशी वर्षांचा, पोटात कॅन्सर, विमानात बसू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्याचा आजोबा एमस हा सॅलोबीचा. एमसच्या बापाला, जेबेझला, १८७४च्या एप्रिलमध्ये मळणीयंत्राने आत ओढलं. माणूस गेला की घरावरचा हक्कही गेला. सहा वर्षं राहिलेलं घर विधवा हॅनाला चार पोरांसह आठ दिवसांत सोडायला लावलं. ती गरीबखान्यात गेली, दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच मेली, आणि गरीबखान्यामागच्या जमिनीत तिला बिननावाची पुरली. एमस सोळाव्या वर्षी बोटीत चढला आणि मरेपर्यंत त्या एका घराविषयी बोलत राहिला. रॉयला ते घर बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

मॅव्हिसने १८७१च्या वहीत लेगेट शोधले, पबपासून मोजले. नववं घर. डाव्या बाजूने नववं म्हणजे तळ्याकाठची ती छोटी कॉटेज, जिथे आता लंडनहून आलेलं एक जोडपं राहत होतं. रॉयने चौकटीवर तळवा टेकला आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला. आठ महिन्यांनी त्याची राख आली. घरमालकांच्या परवानगीने ती परसातल्या पेअरच्या झाडाखाली पुरली. आता या शनिवारी त्याची मुलगी जॅनिस आपल्या दोन नातवंडांना घेऊन येणार होती, तिथे दगड बसवायला. दगडावर लिहून घेतलं होतं, 'रॉय लेगेट, आपल्या घरी'.

मंगळवारी दप्तरखान्याने जुन्या वह्या नव्याने फोटो काढून कॉम्प्युटरवर घातल्या. मॅव्हिसने सहज १८७१ उघडली. पहिलं पान लख्ख दिसत होतं. त्या वर्षी खानेसुमारी शाळामास्तरने केली होती, आणि त्याने साफ लिहिलं होतं: पबपासून तळ्याच्या उजव्या बाजूने जाऊन डाव्या बाजूने परत. तिने टेबलावर बोट ठेवत मोजलं. मग कोट चढवला, पबपाशी गेली आणि पडून गेलेल्या घरांच्या जागा धरत उजव्या हाताची दारं मोजत चालत आली. नववं दार तिचंच होतं.

दारात उभी असतानाच तिला घरातलं बायबल आठवलं. त्याच्या पहिल्या पानावर पणजोबाच्या हातची ओळ होती: या घरात आलो, मे १८७४. लहानपणापासून ती ओळ तिने अभिमानाने वाचली होती, पाहुण्यांना दाखवली होती. पणजोबा आला तेव्हा घरातून गेलं कोण, हे तिने कधी विचारलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक घराला हा प्रश्न विचारणाऱ्या बाईने आपल्या घराला विचारला नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

शेजारच्या हिल्डा पास्कला तिने सगळं सांगितलं. हिल्डाला यात एवढं काय आहे, तेच कळेना.

"राख आहे ती मॅव्हिस, तिला कसलं आलंय घर? आणि ती बाई पोरांना घेऊन अर्ध्या जगावरून येतेय. तोंड मिटून दगड बसवू दे तिला."

"खोटा दगड?"

"गावात खऱ्या दगडांची काय कमी आहे? आणि तुझं नाव? लोक म्हणतील, हिने अजून किती जणांना भलत्या दारात रडवलं कुणास ठाऊक."

ते हिल्डाने बरोबर हेरलं होतं. १८७१च्या वहीवरून मॅव्हिसने बावीस कुटुंबांना घरं दाखवली होती. तीन दिवस ती गप्प राहण्याची कारणं जमवत बसली, आणि कारणं भरपूर मिळाली. पण लेगेटांचं कार्ड हातात घेतलं की ते तळ्याकाठच्या घराच्या खोक्यात परत ठेवणं तिच्याने होईना. त्यात मनाचा मोठेपणा नव्हता. तिला चुकीच्या जागी ठेवलेलं कार्ड सोसत नव्हतं, इतकंच.

शनिवारी जॅनिस आधी मॅव्हिसकडे आली. नातवंडं तळ्यावर बदकांना पाव टाकत होती, दगड गाडीत होता. मॅव्हिसने चहा ओतला आणि कप पुढे सरकवण्याआधीच सांगून टाकलं. वही, शाळामास्तर, उजवी बाजू. आपली चूक झाली, हेही तिने त्याच शब्दांत सांगितलं. तिने आयुष्यात फार वेळा ते म्हटलं नव्हतं.

जॅनिसने खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.

"मग बाबा कुणाच्या परसात आहेत?"

"टेबेट म्हणून कुटुंब होतं. तुमचं त्यांच्याशी काही नातं नाही."

"काढता येईल त्यांना?"

"तीन हिवाळे झाले. आता मातीच आहे ती."

"आणि खरं घर? ते पाडलं का?"

"नाही," मॅव्हिस म्हणाली. "तुम्ही बसलाय ते. हॅनाला इथून काढलं, आणि तिच्या जागी माझा पणजोबा आला."

जॅनिसने मान वर करून आढ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग तिच्या शेजारच्या खुर्चीकडे.

"घर बघून आल्यावर बाबांनी त्या रात्री फोन केला होता," ती म्हणाली. "घराबद्दल दोन वाक्यं बोलले असतील. सगळं तुमच्या या स्वयंपाकघराबद्दलच बोलत होते. म्हणाले, इतकं बरं वाटत होतं तिथे, उठावंसंच वाटेना. अजून थोडं बसू द्या म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं होतं."

मॅव्हिसला ते आठवलं. 'इथे बसून काय होणार, उजेड जाईल, तुमचं घर बघायचंय ना?' असं ती म्हणाली होती. त्याचा कोट खुंटीवरून काढून तिनेच त्याच्या हातात दिला होता. तो हसून उठला होता आणि दारापर्यंत जाताना दोनदा भिंतीला धरून थांबला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं होतं.

"म्हणजे तुम्ही लोकांनी आम्हाला दोनदा बाहेर काढलंत," जॅनिस म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं.

बाहेर नातवंडं आजीला हाका मारत होती. जॅनिस उठली.

"बसा ना," मॅव्हिस म्हणाली. "पोरांनाही बोलवा आत. हवा तेवढा वेळ बसा."

जॅनिस कोटाची बटणं लावत होती. ती थांबली नाही. गाडी पबच्या बाजूने वळून निघून गेली, आणि दगड गाडीतच राहिला.