आमेन होईपर्यंत कोणी उठायचे नाही!

आमच्या घरात देवाला वेळ मिळत नसे. देवाने याबद्दल कधी तक्रार केली नाही. तक्रार केली ती आमच्या पाळकसाहेबांनी, तीही रविवारी, आमच्या ख्रिस्ती देवळात, भर मंडळीसमोर आणि माझ्याकडे बघून! ज्या घरात सकाळी एकत्र प्रार्थना होत नाही ते घर बिनछपराचे, असे ते म्हणाले. शिवाय मंडळीचा कारभार पाहायला एक नवा पंच निवडायचा आहे आणि त्याआधी आपण घरोघरची सकाळची उपासना बघायला येणार आहोत, हेही त्यांनी सांगून टाकले. मला पंच व्हायची फार हौस होती. (हौस कसली, हाव!)

मी तेव्हा बडोद्यात, लहरीपुऱ्याजवळच्या सरकारी मराठी शाळेत मास्तर होतो. महाराजांनी शिक्षण सक्तीचे केले होते, आणि गैरहजर पोरांच्या घरी जाऊन बापांना दटावायचे काम माझ्या गळ्यात पडले होते. माझे भाषण ठरलेले असे: "घरात लग्न असो, बारसे असो की आग लागलेली असो, घंटेला मूल शाळेत पाहिजे! सरकारचा कायदा आहे!" आमच्या शेजारी श्रीपतराव शिलेदार राहत, एकेकाळचे घोडेस्वार. त्यांच्या नातवाला शाळेचे वावडे होते, त्यामुळे हे भाषण त्यांच्या वाट्याला फार वेळा येई. ते मिशी चावत ऐकून घेत.

त्या रविवारी घरी येताच मी जाहीर केले, "उद्यापासून सकाळी सगळ्यांनी गुडघे टेकायचे."

"सकाळी म्हणजे कधी?" माझी बायको सगुणा म्हणाली. "पाणी भरायच्या आधी, स्वयंपाकाच्या मध्ये, की दाविदचं दुपटं बदलताना?" (दाविद आमचा तान्हा.)

"सगुणा, देवासाठी वेळ काढावा लागतो!"

"काढा की! कुठून काढणार, तेवढं सांगा."

हा प्रश्न मला अश्रद्धेचा वाटला, म्हणून मी उत्तर न देता नियम केले. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, जागचे उठायचे नाही, आणि मध्ये कोणी बोलले तर प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून! पहिल्याच दिवशी आमची सात वर्षांची एस्तेर "बाबा, मुंगी" एवढेच म्हणाली, आणि मी खरोखर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून घरात कोणाची शिंकायचीही छाती होईना.

पाळकसाहेब आले ते नेमके सकाळच्या शाळेच्या दिवसांत. सगुणाने चुलीवर खिचडी ठेवली होती. "आज थोडक्यात आटपा हं," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "एस्तेरची शाळा आहे. तुमचीपण आहे."

मी मान डोलावली, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि सुटलो! महाराजांना दीर्घायुष्य मागितले. सूरसागर तलावाला पाणी मागितले. तिथून पाण्यावरून महापूर आठवला म्हणून, सगळे प्राणी जोडीने चढवलेल्या नोहाच्या तारवात शिरलो आणि एकेका प्राण्याची विचारपूस केली. मी श्वास घ्यायला थांबलो की पाळकसाहेब "आमेन" म्हणत. मला वाटले, दाद देताहेत! मी आणखी रंगात आलो.

उंटापाशी असताना करपल्याचा वास आला. सगुणालाही आला असणारच. पण ती बोलली असती तर नोहाला पुन्हा पहिल्यापासून तारू बांधावे लागले असते! मला तरी थांबता आले असते की नाही? पण पाळकसाहेबांसमोर, पंच व्हायला निघालेल्या माणसाने, खिचडीसाठी देवाला थांबवायचे कसे? मी जिराफाकडे वळलो. दूर कुठेतरी शाळेची घंटा झाली.

तेवढ्यात दारात दूध घालणारी मंछाबेन आली. "मास्तर, दूध!" उत्तर नाही. "एस्तेरनी बा!" उत्तर नाही. मग तिला स्वयंपाकघरातून येणारा धूर दिसला.

"अरे, धुमाडो! मास्तरना घरमां आग लागी! कोई दोडो!"

धावले कोण, तर श्रीपतराव! भरलेली घागर उचलून ते घोडेस्वाराच्या आवेशाने आत घुसले आणि धुराच्या दिशेने त्यांनी ती रिकामी केली. दुर्दैवाने धूर आणि श्रीपतराव यांच्या मध्ये पाळकसाहेब गुडघे टेकून बसले होते.

"आमेन!" पाळकसाहेब ओरडले. हे आमेन मात्र मला बरोबर कळले.

सगुणा चुलीकडे धावली. दाविदने भोकाड पसरले. दारात अख्खी गल्ली जमली होती. श्रीपतरावांनी रिकामी घागर खाली ठेवली, एस्तेरकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले, आणि मिशीवर सावकाश हात फिरवला.

"मास्तर," ते म्हणाले, "घरात लग्न असो, बारसं असो की आग लागलेली असो, घंटेला मूल शाळेत पाहिजे! सरकारचा कायदा छे!"

"ने मास्तर पोते पण घेर!" मंछाबेनने पुरवणी जोडली. मुलगी तर घरी होतीच, मास्तर स्वतःही घरीच होते! गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली.

एस्तेर मात्र रडत होती. "बाबा, मला घंटा ऐकू आली होती. पण बोलले असते तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून..."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गावभरच्या पोरांना घंटा ऐकवत फिरणारा मी, आणि माझ्याच पोरीला माझ्या धाकाने ती ऐकून गप्प बसावे लागले होते.

पाळकसाहेबांनी डोके पुसत सगुणाला विचारले, "बाई, तुम्ही स्वतः प्रार्थना कधी करता?"

"चूल फुंकताना, साहेब. धुरानं डोळे आपसूक मिटतात. मध्ये पोर रडलं तर उठते. देव थांबतो." मग करपलेले पातेले खाली ठेवत ती म्हणाली, "यांनी देवाला वेळ दिला, पण तो माझ्या वाट्याचा."

एस्तेरचे बोट धरून मी खाली मानेने शाळेला निघालो. दारातून श्रीपतरावांनी मला कडक सलाम ठोकला.

पंच दुसरेच गृहस्थ झाले. मला पाळकसाहेबांनी देवळाची घंटा वाजवायचे काम दिले. त्यात तोंड उघडावे लागत नाही. आणि घरातली चूल सकाळी आता मी फुंकतो. माझी प्रार्थनाही तिथेच होते, आणि खरे सांगतो, धूर नाकातोंडात गेला की माणूस नोहापर्यंत पोचतच नाही, थेट आमेनवर येतो!