सुभद्राबायचा सत्कार

सत्कार या गोष्टीचा मला मनापासून राग आहे. कुणाच्या खांद्यावर शाल चढायला लागली की मी उठून बाहेर जातो. घरची मंडळी म्हणतात, म्हाताऱ्याला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. म्हणोत बापडी. सुभद्राबायचा सत्कार त्यांनी पाहिलेला नाही. मी पाहिला आहे, आणि तो घडवून आणणारा शहाणाही मीच होतो.

तेव्हा मी वेंगुर्ल्याला एका काजूच्या कारखान्यात पत्रव्यवहाराचा कारकून होतो. वय चोवीस, अंगात खादी, आणि आपल्यावाचून देशाचं अडलं आहे अशी पक्की समजूत. सुभद्रा परब ही तिथे सोलायच्या खोलीची मुकादमीण. पंचेचाळिशीची विधवा बाई, आवाज खणखणीत. पदर खोचून ती दारात उभी राहिली की तीस बायकांची कुजबुज जागच्या जागी थांबायची. सगळ्या तिला 'बाय' म्हणत. मी काकी म्हणायचो.

पण ही बाई आतून अतिशय भित्री होती. हे कुणाला सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. तिला लिहिता-वाचता येत नसे, म्हणून आलेलं पत्र ती माझ्याकडे घेऊन यायची आणि मी वाचून संपवेपर्यंत टेबलाची कड घट्ट धरून उभी राहायची. मुंबईच्या भावाचं खुशालीचं पत्र असलं तरी तेच. एकदा मी थट्टा केली, तेव्हा तिने सांगितलं. ती आठ वर्षांची असताना देवळातल्या मानपानावरून गावाने तिच्या बापाला वाळीत टाकलं होतं. विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. तिसऱ्या महिन्यात बाप तापाने गेला, तर खांदा द्यायला कुणी येईना. आजोळची माणसं येईपर्यंत दुपार उलटली. तोपर्यंत ती आणि तिची आई माश्या वारत बसल्या होत्या. तेव्हापासून चार माणसं एका ठिकाणी जमलेली दिसली की ती वाट वाकडी करून जायची. तिची थट्टा मी त्यानंतर केली नाही. तेवढी अक्कल मला होती. पुढची नव्हती.

कारखान्यात बायकांच्या कामाच्या दोन जागा. एक फोडायची शेड. भट्टीतून भाजून आलेल्या बिया तिथे लाकडी हातोडीने फोडायच्या. टरफलातलं काळं तेल हाताला लागलं की कातडी जळते, म्हणून बायका हाताला राख चोळून बसत. राखेने काय होणार? हंगाम संपेपर्यंत हातांची सालटी निघत. दुसरी जागा म्हणजे सोलायची खोली. तिथे फोडलेल्या बीतून निघालेल्या गरावरची तांबडी साल काढायची. स्वच्छ काम, सावलीतलं, आणि हात शाबूत. मात्र तो गर माणसाच्या तोंडात जाणार, म्हणून महारवाडीतली बाई त्या खोलीत कधी बसली नव्हती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

अठ्ठावन्न सालच्या हंगामात सुभद्राबायने शेडमधल्या कावेरी जाधवला पाहिलं. विशीतली पोर, कडेवर वर्षाचं मूल. तिच्या बोटांची अशी दशा झाली होती की तिला मुलाला भात कालवून भरवता येत नव्हता, दुसऱ्या बाईला हाक मारावी लागायची. सुभद्राबायने दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन म्हणाली, "कावेरी, उद्यापासून माझ्या खोलयेत बस."

"थंय माका कोण बसूक देतला, बाय?"

"मी सांगतंय मा? दारापाशी बस. मान खाली घाल आणि सोल."

कावेरी येऊन बसली. बायकांनी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. राहता राहिला पाण्याचा माठ. बायका आपापल्या हाताने त्यातलं पाणी घेत. त्या दिवशी सुभद्राबायने माठ उचलून आपल्या पाटाशी ठेवला आणि सगळ्यांना ऐकवलं, "आजपासून माठाक कोणी हात लावूचो नाय. गरार पाणी सांडता. मी वतीन, तुमी ओंजळ धरा." ज्या रीतीने आमच्याकडे अस्पृश्यांना वरून पाणी घालत, त्याच रीतीने ती त्या दिवसापासून तीसच्या तीस बायकांना पाणी घालू लागली. राधाबाईंसारखी मानकऱ्यांच्या घरातली बाईसुद्धा ओंजळ पुढे करू लागली आणि कावेरीही. कुणी वेगळं उरलंच नाही. माझ्या मते अशी युक्ती दिल्लीतसुद्धा कुणाला सुचली नसती.

असं तीन वर्षं चाललं. बायका घरी बोलल्या नाहीत. घरच्यांना कळलं असेल, पण त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, एवढ्यावर ती खोली उभी होती.

एकसष्ट साली वरून, सरकारकडून, एक कागद आला. अस्पृश्यता निवारणासाठी झटणाऱ्या व्यक्तींची आणि संस्थांची नावं कळवावीत, त्यांचा जाहीर गौरव करण्यात येईल. मी तो कागद वाचला आणि मला स्फुरण चढलं. कुणालाही न विचारता मी चार पानं लिहिली. माठाची हकिकत लिहिली, कावेरीचं नाव आडनावासकट लिहिलं, वर कारखान्याचीही स्तुती केली. महिन्याभराने उत्तर आलं. येत्या रविवारनंतरच्या रविवारी, दुपारी चार वाजता, शाळेच्या पटांगणात समारंभ. काशिनाथशेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, ते वाचून म्हणाले, "आपल्याकडे हे असं चालतं होय? मला कुणी बोललं नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "फोटोवाला सांगून ठेव."

सुभद्राबायला मीच जाऊन सांगितलं. मला वाटलं, ती लाजेल. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्या काय केलंस रे दत्ताराम?"

"काकी, तू चांगला काम केलंस. तेचो मान होतलो."

"मान? अरे मेल्या, ह्या कोणी बोलूक नाय म्हणान टिकला. आता तो सायब भोंग्यातसून सांगतलो. सगळ्या बायांचे घोव, दीर थंय आसतले."

"तेंका म्हायती नाय काय?"

"म्हायती आसा. पण म्हायती असणा येगळा आणि चार लोकांत आयकणा येगळा. आयकल्यार तेंका कायतरी करूचाच पडतला. बायो घराक बसतल्यो. ती पोर परत शेडीत जातली. आणि माझा काय होतला, ता तुका ठावक आसा."

मी तिला कायदा सांगायला लागलो. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कायदो वेंगुर्ल्याक आसा. माझ्या गावात गाव आसा."

त्या वेळी एक पत्र लिहून सगळं थांबवता आलं असतं. मी ते लिहिलं नाही. मानपत्राचा मजकूर माझा होता आणि तो भोंग्यातून ऐकायची मला हौस होती. आता लपवून काय करायचं?

पुढचे आठ दिवस मी त्या खोलीवरून जाता-येता पाहत होतो. सुभद्राबाय पाणी घालायची आणि धार ओंजळीबाहेर पडायची. राधाबाई तिच्याकडे बघेनाशा झाल्या. कुणी मोठ्याने हसलं तर सगळ्या दचकत. गुरुवारी कारखान्याच्या फाटकाशी सुभद्राबायच्या गावचे दोन गावकर, म्हणजे मानकरी, उभे होते. ते काजूच्या बियांचं बोलायला आले होते, पण ती मागच्या दाराने घरी गेली. शनिवारी कावेरीने तिला विचारलं, "बाय, मी उद्या येव नको काय?"

"ये," ती म्हणाली. "नाय इलंस तर सायब इचारतलो." पण हे बोलताना ती तिच्याकडे बघत नव्हती.

रविवारी पटांगण भरलं. पुढे खुर्च्या, मागे बाकं, त्यामागे उभे लोक आणि अगदी शेवटी, कुंपणाशी, बौद्धवाडीतल्या बायका. दीक्षा घेतल्यापासून वाडीचं नाव बदललं होतं, उभं राहायची जागा तीच होती. भोंगा आंब्याला बांधला होता, आवाज थेट बाजारापर्यंत जात होता. गौरवासाठी आलेले सरकारी साहेब परगावचे, भले गृहस्थ. त्यांनी माझा मजकूर सुरेख वाचला. कावेरी जाधव हे नाव भोंग्यातून आलं आणि पुरुषांच्या बाकांवरची सगळी डोकी वळली. मग माठ आला. ओंजळी आल्या. राधाबाईंचे दीर उठून उभे राहिले. सुभद्राबायच्या गावचे पाच-सहा जण होते, ते एकमेकांशी काही बोलले. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. हौस फिटली म्हणा ना.

साहेबांनी सुभद्राबायला पुढे बोलावलं आणि दोन शब्द सांगायला लावलं. ती माइकपाशी आली. पदराचं टोक तिने दोन्ही मुठींत धरलं होतं.

"सायबानू," ती म्हणाली, "ह्या खरा नाय. माझ्या खोलयेत तसा कोण बसणा नाय. ती पोर शेडीत आसता. कारकुनाची चूक झाली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. काशिनाथशेठ मोठे हुशार. ते पटकन पुढे झाले, नजरचुकीबद्दल काहीतरी बोलले आणि कारखान्याच्या वतीने शाल आपल्याच खांद्यावर घेतली. टाळ्या झाल्या. राधाबाईंचे दीर खाली बसले. मागे कुंपणाशी कावेरीने मुलाला कडेवर घेतलं आणि ती चालू लागली. घाई केली नाही की मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी ती आपणहून शेडमध्ये जाऊन बसली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. पण गावासमोर जे सांगितलं गेलं होतं, ते आता खरं असायला हवं होतं. सोलायच्या खोलीत दाराजवळची जागा मोकळी राहिली. तिथे सरकून कुणी बसलं नाही. बुधवारी मी शेडवरून गेलो तेव्हा कावेरीच्या बोटांवर फोड आलेले मला दिसले.

शुक्रवारी सुभद्राबाय माझ्या टेबलाशी आली. डोळे तारवटलेले, चार दिवसांत बाई खंगली होती.

"दत्ताराम, लिही. आयतवारी मी खोटा बोललंय म्हणान लिही. आणि जेवणाच्या सुट्टीत शेडीत सगळ्यांसमोर तू वाच. माझा बोलणा आता कोण खरा मानूचा नाय. कागदावरचा मानतले."

मी दौतीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. शेठनी मला सोमवारीच दम दिला होता. घरी आई होती. दोन बहिणी लग्नाच्या होत्या. "काकी," मी म्हणालो, "जरा दिवस जाव देत. वातावरण निवळू दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू पण भियालंस?"

मी समोरचे कागद सारखे करू लागलो. "बरा," ती म्हणाली आणि निघाली. मी तिच्या मागोमाग गेलो, पण शेडच्या दारापर्यंतच.

आत बायका भाकऱ्या सोडून बसल्या होत्या. सोलायच्या खोलीतल्या बायकांना ती बरोबर घेऊन आली होती. तिचा आवाज चिरका लागला. "आयका गो सगळ्यांनी. आयतवारी मी खोटा बोललंय. ही कावेरी तीन वर्सां माझ्या खोलयेत सोलता. मीच तिका बसवलंय. आज परत बसवतंय. जेका चलूचा नाय, तेणी आताच घराक जावा."

राधाबाई उठल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या. सुगंधा नावाची एक फटकळ बाई होती, ती चिडून म्हणाली, "बोलूक कित्याक व्हया होता, बाय? गप बसवलं असतंस तर चलला असता." पण ती उठली नाही, आणि बाकीच्याही उठल्या नाहीत. सुभद्राबायच्या गावापर्यंत ही बातमी दिवेलागणीच्या आत पोचली. पुढे दोन वर्षं गावाने तिला देवळाची पायरी चढू दिली नाही.

कावेरी मात्र जागची हलली नाही. हातात हातोडी तशीच. "परत कोण सायब इलो," ती म्हणाली, "आणि सगळ्या गावासमोर तुका इचारल्यान, तर?"

"तर सांगतलंय."

"भिया वाटूचा नाय?"

"वाटतला. आताय वाटता." सुभद्राबायने हात पुढे केला. "पण सांगतलंय."

कावेरीने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने हातोडी खाली ठेवली, बोटांची राख धुतली आणि ती उठली. दोघी माझ्या अंगावरून बाहेर गेल्या. मी दाराआडच उभा होतो. तिथून आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही.